कावीची सासू-सुनेची देरासरं



बरेच दिवस काही लिहिलं नाही. मधले दोन महिने भरूचला लेकाकडे होते. पर्युषणात तुमच्यापैकी दोघी-तिघींनी विचारलं होतं, की भरूच-कावी-गंधार-झगडिया अशी यात्रा करायची तर कुठे किती वेळ ठेवावा. बाकीच्या ठिकाणांचं पुन्हा कधीतरी लिहीन. आज फक्त कावी. कारण कावीची जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ती तिथे प्रत्यक्ष उभं राहिल्यावर मला वेगळी दिसली.

माघातली शुक्ल चौदस होती. माझं एकासणं. लेकाला सुट्टी नव्हती, सुनेला होती. ती म्हणाली, "मम्मी, कावीला जाऊन येऊ या? मी गाडी चालवते." खरं सांगायचं तर आम्हा दोघींमध्ये तेव्हा फारसं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, पण मोजून-मापून बोलणं चाललं होतं. त्याचं कारण पुढे येईल. सासू-सुनेच्या देरासरांना नेमकं आम्ही दोघींनीच जायचं, हे मनात आलं आणि हसूही आलं. पण नाही म्हणायला कारण सापडेना.

भरूच ते जंबुसर साधारण पन्नास किलोमीटर आणि तिथून कावी आणखी पंचवीस-तीस. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस, तूर. जंबुसर मागे पडलं की झाडी विरळ होते, वेडी बाभूळ वाढते आणि वाऱ्याला खारट वास येतो. एके काळी जंबुसरहून कावीपर्यंत छोटी नॅरोगेज गाडी जायची. आता ती नाही. कावी म्हणजे मही नदी जिथे खंभातच्या आखाताला मिळते, तिथलं एक शांत गाव. समुद्रकाठचं गाव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दापोली-अलिबागची पुळण येते, नारळ-सुपारी येते. इथे तसलं काही नाही. इथे वाळू नाही, चिखल आहे. नजर पोचेल तिथपर्यंत करडा, चकचकीत, ओला चिखल, आणि त्यापलीकडे कुठेतरी पाणी. त्या चिखलाशिवाय कावीचा इतिहास कळत नाही, म्हणून त्याच्याकडे मी नंतर येते. आधी दर्शन.

गावात दोन मोठी देरासरं आहेत. एकाचं नाव सर्वजित प्रासाद, मूलनायक आदिनाथ भगवान. दुसऱ्याचं रत्नतिलक प्रासाद, मूलनायक धर्मनाथ भगवान. ही नावं फार थोड्यांना ठाऊक असतात. सगळे म्हणतात, सासूचं देरासर आणि वहूचं देरासर.

गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, तरी नव्या मुलींसाठी सांगते. वडनगरहून खंभातला येऊन व्यापारात नाव कमावलेले एक गृहस्थ होते, बाहुआ गांधी. त्यांच्या घरातल्या हीराबाईंनी कावीला आदिनाथांचं देरासर बांधवलं. विक्रम संवत १६४९, म्हणजे इसवी सन १५९२-९३. प्रतिष्ठा हीरविजयसूरींचे पट्टधर विजयसेनसूरी यांच्या हातून झाली. सगळे धन्य धन्य करत होते. तेवढ्यात सून वीरबाई म्हणाली, "बाईजी, देरासर सुंदर झालंय, पण दार ठेंगणं झालं." सासूला ते लागलं. ती म्हणाली, "तुला उंच दार हवं असेल तर माहेरहून पैसे आण आणि बांध की!" सून गप्प बसली. माहेराहून द्रव्य आणवलं आणि पाच-सहा वर्षांत दुसरं देरासर उभं केलं, उंच दाराचं.

आमच्या येवल्याच्या घरी ही गोष्ट माझी आजेसासू सांगायची, पापड लाटताना. आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "बघा, बायका भांडल्या तरी तीर्थच झालं." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

त्या दिवशी पूजा आटोपून रत्नतिलकच्या अंगणात बसलो होतो. सून सहज म्हणाली, "मम्मी, यात भांडण कुठंय? तिने दार ठेंगणं आहे एवढंच म्हटलं ना? ते खरंच ठेंगणं आहे." मी म्हटलं, अगं, नवं देरासर झालं त्या दिवशी असं बोलतात का? ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुठल्या दिवशी बोलणार होती?"

यावर मी काही बोलले नाही. पण घरी आल्यावर पुस्तकं काढली आणि जमेल तेवढं वाचलं. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे तीर्थांच्या पुस्तकांत या दोन देरासरांचे कर्ते म्हणून नावं येतात ती बाहुआ गांधींची आणि त्यांच्या मुलाची, कुंवरजींची. हीराबाई आणि वीरबाई येतात त्या गोष्टीत. म्हणजे पुस्तकात पुरुषांचं दान आणि लोकांच्या तोंडी बायकांचं भांडण. असं का, हा प्रश्न मला आजवर पडलाच नव्हता.

आता अबूचं बघा. देलवाड्याला विमलशाहांचं देरासर १०३१ सालचं. त्याच्याच शेजारी जवळजवळ दोनशे वर्षांनी वस्तुपाल-तेजपालांनी लूणवसही बांधली, पहिल्यापेक्षा बारीक नक्षीची. दोन्ही संगमरवराची, दोन्ही एकमेकांशेजारी. उघडच आहे की दुसऱ्याने पहिल्याकडे बघून आपलं बांधलं. पण कुणी त्याला भांडण म्हणतं का? नाही. आपण म्हणतो दानशूर, शासनप्रभावक. आणि त्याच लूणवसहीत आतल्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन सुरेख गोखले आहेत, त्यांना मात्र म्हणतात देराणी-जेठाणीचे गोखले. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत थोरल्या आणि धाकट्या जावेचे. गाइड सांगतो, दोघी जावांनी इरेला पेटून बांधले, एकीने दुसरीपेक्षा एक चीप जास्त खर्चली. मी स्वतः ही गोष्ट तिथे दोनदा ऐकली आणि दोन्ही वेळा नक्षीतला फरक शोधत बसले. प्रत्यक्षात त्या गोखल्यांवर लेख आहेत, आणि त्यांत स्पष्ट लिहिलंय की दोन्ही गोखले तेजपालने आपली पत्नी सुहडादेवी हिच्या श्रेयासाठी करवले. दोन्ही! जावांचा संबंधच नाही. दगडावर खोदलेलं असूनही लोकांनी तिथे दोन बायका आणल्या आणि त्यांना भांडायला लावलं.

म्हणून कावीच्या गोष्टीतल्या संवादावर मी आता फार भर देत नाही. चारशे वर्षांपूर्वी सासू काय म्हणाली आणि सून काय म्हणाली, ते ऐकायला तिथे कोण होतं? पण संवाद बाजूला ठेवला तरी दोन देरासरं उरतात, आणि लोकांच्या आठवणीत दोन बायकांची नावं उरतात. लोक उगीच नाव लक्षात ठेवत नाहीत. त्या काळच्या खंभातमध्ये किती श्रीमंत शेठ होऊन गेले असतील! त्यांच्यातल्या कितीजणांच्या बायकांची नावं आज आपल्याला माहीत आहेत?

गोष्टीत आणखी एक आहे, जे मी इतकी वर्षं ऐकूनही ऐकलं नव्हतं. सासू म्हणते, माहेरहून पैसे आण. याचा अर्थ टोमणा म्हणूनच आपण घेतो. पण टोमणा तेव्हाच मारता येतो, जेव्हा ते करणं निदान शक्य असतं. माहेराहून आलेलं द्रव्य हे बाईचं स्वतःचं, स्त्रीधन, ते ती स्वतःच्या मनाने धर्मात लावू शकते, हे सासूला माहीत होतं आणि ऐकणाऱ्यांनाही माहीत होतं. ज्यांच्या आयाबायांनी ही गोष्ट चारशे वर्षं सांगितली, त्या सगळ्यांना हे मान्य होतं की सुनेने परवानगी मागितली नाही. तिला विचारायचं नव्हतं, बांधायचं होतं.

आपल्या परंपरेत अशा बायका कमी नाहीत, आपणच त्यांची नावं कमी घेतो. अहमदाबादचं हठीसिंगांचं देरासर आपण सगळ्यांनी बघितलंय. शेठ हठीसिंग १८४५ साली वारले, तेव्हा ते पुरं झालं नव्हतं. ते पुरं केलं त्यांच्या पत्नीने, हरकुंवर शेठाणींनी. १८४८ साली प्रतिष्ठा झाली. पण पाटीवर नाव कुणाचं? शत्रुंजयावर नंदीश्वरद्वीपाची टूंक उजमबाईंची, आपण तिला उजमफईची टूंक म्हणतो. फई म्हणजे आत्या. एवढं मोठं काम करूनही नातं काही सुटलं नाही!

आणि कावीच्या दोन देरासरांच्या मागे जी मोठी घटना उभी आहे, तिथेही सुरुवातीला एक श्राविकाच आहे. कावीच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर गंधार. आज छोटं गाव आहे, तेव्हा बंदर होतं. हीरविजयसूरी गंधारला होते, तेव्हा अकबराचं बोलावणं आलं. १५८२ साली ते तिथून निघाले आणि पायी चालत १५८३च्या जूनमध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. अकबराच्या मनात हे साधू बघावेत असं का आलं, याची आपल्याकडची परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे: चंपा श्राविकेची सहा महिन्यांची तपश्चर्या, तिची वाजतगाजत निघालेली मिरवणूक, आणि बादशहाचा प्रश्न, की हे कुणाच्या बळावर केलंस? तिने देव-गुरूंचं नाव सांगितलं. पुढे पर्युषणात हिंसाबंदीचं फर्मान निघालं, सूरींना जगद्गुरू ही पदवी मिळाली. खंभात-गंधार-कावीच्या श्रावकांना त्या दहा-पंधरा वर्षांत काय वाटत असेल याचा विचार करा. आपले गुरुमहाराज बादशहाला भेटून आलेले. कावीचं पहिलं देरासर त्या भेटीनंतर दहा वर्षांच्या आत उभं राहिलं. तो काळच बांधण्याचा होता. त्यात सासूनेही बांधलं, सुनेनेही बांधलं. इतकं सरळ.

आता चिखल.

दुपारी देरासराच्या भोजनशाळेत जेवलो. चौदस, त्यामुळे हिरवी भाजी नाहीच. मूग, कढी, पापडाची भाजी आणि पोळी. जेवून उठल्यावर सून म्हणाली, समुद्र बघून येऊ. गावापासून जवळच कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. हे देऊळ भरतीच्या वेळी पाण्याखाली जातं आणि ओहोटीला परत दिसतं, दिवसातून दोनदा. त्यासाठी लांबून लोक येतात. तिथे भरतीच्या वेळांचं एक पत्रक मिळतं. मी ते हातात घेतलं आणि बघतच राहिले, कारण ते तिथीवार होतं. तारखा नाहीत. एकमेपासून पुनम-अमासेपर्यंत तिथ्या आणि समोर वेळा.

मैत्रिणींनो, आपण तिथी कशासाठी बघतो? आज आठम आहे का, भाजी चिरायची की नाही. आज चौदस आहे का, पक्खी प्रतिक्रमण आहे का. जैन पंचांग स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं असतं. आणि इथे तेच पंचांग समुद्राला टांगलेलं! अर्थात यात चमत्कार काही नाही. भरती चंद्रामुळे येते आणि तिथी म्हणजे चंद्राचंच माप. पुनम-अमासेच्या आसपास उधाण, पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त उतरतं. आठमीच्या सुमारास भांग, पाणी मवाळ. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. चौथ असेल तर तीनच्या सुमाराला भरती. खंभातच्या आखातात भरती आत शिरून पोचायला आणखी काही तास लागतात, म्हणून इथलं कोष्टक वेगळं. पण रीत तीच.

खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंड रुंद, आत अरुंद. समुद्राचं पाणी आत येतं तसं दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि वर चढतं. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटर चढतं, तर पलीकडे भावनगरला उधाणात दहा मीटरच्या आसपास. म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी येतं आणि जातं. साबरमती, मही, ढाढर, नर्मदा, तापी, सगळ्या नद्या इथे गाळ आणून टाकतात आणि भरती तो सतत घुसळत राहते. म्हणून हे पाणी निळं नसतं, चहासारखं असतं. ओहोटी लागली की मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो.

समोरच्या काठाला, महीच्या मुखापलीकडे, खंभात आहे. अकबराने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तो खंभातला, १५७२च्या डिसेंबरमध्ये, गुजरात जिंकल्यावर. तेव्हा खंभातचं कापड, नीळ, अकीकाचे मणी अरबस्तानापर्यंत आणि त्याहूनही दूर जायचे. पण मोठी जहाजं तेव्हाही खंभातपर्यंत सहज येत नव्हती. ती घोघा किंवा गंधारला थांबायची आणि माल लहान होड्यांतून भरतीबरोबर आत यायचा. भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर. वेळ चुकली की होडी चिखलात आडवी. बाहुआ गांधींसारख्या व्यापाऱ्याचा सगळा हिशेब या तिथीच्या कोष्टकावर चालत असणार. घरात बायका आठम-चौदस मोजताहेत आणि पेढीवर पुरुष तीच आठम-चौदस मोजताहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. पुढच्या शतकात गाळ वाढत गेला, मोठा व्यापार सुरतेला गेला, आणि खंभातपासून समुद्र लांब सरकला. ज्या पैशातून ही देरासरं झाली तो पैसाच पाण्याबरोबर निघून गेला. देरासरं राहिली.

कावी त्याहीपेक्षा जुनं आहे, हेही जाता जाता सांगते. इथे ताम्रपट सापडले आहेत. त्यातला एक शके ७४९चा, म्हणजे इसवी सन ८२७चा, लाटच्या राष्ट्रकूट घराण्यातल्या गोविंदराजाचा, एका सूर्यमंदिराला दिलेल्या दानाचा. त्यात गावाचं नाव कापिका असं आहे. राष्ट्रकूट म्हणजे वेरूळचं कैलास लेणं कोरवणारं घराणं, त्याचीच ही गुजरातेतली शाखा. आपल्या नाशिक-औरंगाबादकडच्या लोकांना तेवढीच ओळखीची खूण.

आम्ही कंबोईला पोचलो तेव्हा पाणी अजून लांब होतं. काही मुलं चिखलात उतरली होती, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. सून चप्पल काढायला लागली. मी म्हटलं, नको. तिला वाटलं मी साडी-ड्रेस खराब होईल म्हणून म्हणतेय. मी तिला खाली वाकून बघायला सांगितलं. आधी काही दिसलं नाही. मग एक इवलंसं भोक दिसलं, त्यातून बाहेर आलेला नखाएवढा खेकडा. मग दुसरा. मग सगळा चिखलच हलतोय असं वाटायला लागलं. निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे ते डोळे वर असलेले मासे, इकडून तिकडे पळत होते. लांब चोचीचे पक्षी रांगेने उभे होते. आपण इरियावहियं म्हणतो त्यात दव, मुंग्यांची वारुळं, शेवाळ, ओली माती, त्यातल्या सगळ्या जीवांची क्षमा येते. रोज म्हणतो. पण ओली माती म्हणजे काय, ते मला साठाव्या वर्षी त्या काठावर दिसलं. आपण म्हणतो जयणा राखा. जिथे पाय ठेवायला रिकामी जागाच नाही, तिथे जयणा म्हणजे न उतरणं. सुनेने चप्पल परत घातली.

मग मला प्रश्न पडला, की विजयसेनसूरींसारखे महाराज खंभातहून इकडे यायचे असतील तर कसे येत असतील? साधू वाहनात बसत नाहीत. वरून, नदी अरुंद असेल तिथून, मोठा वळसा घालून येत असतील, किंवा होडीने. आचारांगात साधूने नावेतून जायची वेळ आली तर कसं जावं याचे नियम दिलेले आहेत. ते वाचताना मला नेहमी वाटायचं, एवढं बारीक कशाला? पण महीचं हे पात्र बघितल्यावर वाटलं, ज्यांनी ते नियम लिहिले त्यांनी असं पाणी बघितलेलं असणार.

हीच मही, थोडी वरच्या अंगाला, गांधीजींनी दांडीयात्रेत ओलांडली. १९३०च्या १९ मार्चच्या रात्री, कंकापुऱ्याहून या बाजूला कारेलीला. रात्र निवडली ती भरतीसाठी, कारण पाणी असेल तरच होडी चालणार. तरीही दोन्ही काठांना गुडघाभर चिखल तुडवावा लागला. साठ वर्षांचा माणूस, हातात काठी, अंधारात. आणि पुढे दोन-तीन दिवसांत जंबुसरला मोतीलाल आणि जवाहरलाल त्यांना भेटायला आले. आम्ही सकाळी ज्या जंबुसरमधून गाडीने झर्रकन निघून आलो तेच हे. सुनेला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, शाळेत फक्त दांडी आणि मीठ शिकवलं, चिखल नाही शिकवला.

आता ते कारण सांगते, जे मी वर टाळलं. लिहू की नको म्हणून दोनदा खोडलं. सुनेला विचारून लिहिते आहे.

दीड वर्षापूर्वी भरूचच्या भाड्याच्या घरात जेवताना ती म्हणाली होती, की स्वयंपाकघर फार लहान आहे, दोघींना उभं राहता येत नाही, आणि घरदेरासर बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवावं लागतं ते तिला बरं वाटत नाही. मला ते लागलं, कारण ते घर मी शोधून दिलं होतं. मी म्हटलं, "एवढंच वाटतं तर तुझ्या पगारात घे की मोठं घर." लेक उठून गेला. ती काही बोलली नाही. आणि तिने खरोखर घेतलं. स्वतःच्या पगारावर कर्ज काढून, थोडी मदत तिच्या वडिलांची. घर तिच्या नावावर आहे. वास्तूला मी गेले, कारण लोक काय म्हणतील. त्यानंतर ताबा मिळाला, फर्निचरचं काम सुरू झालं, पण मी दोन महिने भरूचला राहूनही ते बघायला गेले नव्हते. कधी गुडघा, कधी आयंबील, काहीतरी सांगत होते.

आजेसासूच्या तोंडून मी ही गोष्ट पंचवीस वेळा ऐकली असेल. पण हीराबाईंचं वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मला ते ओळखूसुद्धा आलं नाही. ते कळलं कंबोईच्या काठावर, आणि तेही तिने काही सुचवलं म्हणून नव्हे. तिच्या मनात असतं तर तिने अंगणातच बोलून दाखवलं असतं.

पाणी यायला लागलं की आवाज येत नाही. आधी चिखलातल्या बारीक चरांमधून चकाकणारी रेघ पुढे सरकते, मग दोन रेघा एक होतात, आणि तुम्ही दुसरीकडे बघून परत बघाल तोवर मघाची मुलं जिथे उभी होती तिथे पाणी असतं. देवळातले लोक ओरडून सगळ्यांना वर बोलवत होते. तासाभरात महादेवाची पिंड बुडाली. मग खांब. ज्यांनी यायचं ठरवलंय त्यांनी पत्रक नीट बघूनच जावं, आणि लहान मुलांना चिखलात अजिबात सोडू नये, हे पाणी पळणाऱ्या माणसाला गाठतं.

आम्हाला सूर्यास्ताच्या आत परतायचं होतं. माझं पाणी व्हायचं होतं आणि पक्खी प्रतिक्रमणही होतं. जंबुसरच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन तिने थर्मासमधलं उकळलेलं पाणी भांड्यात ओतून दिलं. आमोदच्या पुढे मी विचारलं, "नव्या घराच्या स्वयंपाकघराचा ओटा किती उंचीचा केलास?" ती म्हणाली, "तुमच्या मापाचा नाही मम्मी, माझ्या मापाचा केलाय. तुम्हाला पाटावर उभं राहावं लागेल." मी म्हटलं, पाट येवल्याहून आणते.

रात्री दोघी एकाच कटासण्याला लागून बसलो. पक्खी मोठं असतं, तासाच्या वर जातं. मिच्छामि दुक्कडं दर पंधरा दिवसांनी म्हणतोच, त्या दिवशीही म्हटलं. उठताना तिने मोबाइलवर घराचा नकाशा दाखवला आणि विचारलं, घरदेरासर कुठल्या भिंतीला लावू? मी चष्मा शोधायला गेले.